ऑर्हूसच्या समुद्राची लोणार मुक्कामी मौका-पाहणी

सत्याला साक्षीदार लागत नाही, असं शास्त्रकार सांगून गेले आहेत. शास्त्रकार थोर होते यात वाद नाही, पण त्यांचा मुक्काम चिखलीला कधी पडलेला दिसत नाही. चिखलीत सूर्य उगवला तरी दोन पंच हजर असलेले बरे. उद्या कोणी तो उगवलाच नव्हता म्हणून बुलढाण्याच्या कोर्टात उभं राहिलं, तर कपाळाला हात लावायची पाळी येते.

वामनरावांवर ती आली. वामनराव बी. ए. असून तालुका सहकारी संघाचे चिटणीस होते आणि नुकतेच डेन्मार्कला जाऊन आले होते. त्याचं असं झालं की, मध्यप्रांत-वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या नागपूरच्या कोण्या साहेबाच्या मनात आलं, वऱ्हाडच्या म्हशींनी डेन्मार्कच्या गाईंपासून धडा घ्यावा. म्हशी बोटीवर चढवणं अवघड, म्हणून वामनरावांना चढवण्यात आलं. तिथले लोक लोणी कसं काढतात, डब्यात कसं भरतात आणि एकमेकांशी न भांडता त्याचा धंदा कसा करतात, हे पाहून यायचं होतं. न भांडण्याच्या गोष्टीवर चिखलीत कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून वामनरावांनी ती गाळूनच टाकली. लोण्याबद्दल मात्र त्यांनी अब्दुल गनींच्या मोटार-स्टँडावर, जिथे गावची संध्याकाळची बैठक भरे तिथे, बोलायला सुरुवात केली. लोक जांभया देऊ लागले. बैठक हातची जाते असं पाहून वामनरावांनी समुद्राचं सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

डेन्मार्कात ऑर्हूस नावाचं शहर आहे. तिथल्या डेअरीच्या तपासनिसाने एका रविवारी वामनरावांना शहराबाहेर नेलं. वाट जंगलातून होती. राखी, गुळगुळीत खोडांची उंच झाडं, आणि पानं इतकी दाट की खाली ऊन पडायला जागा नाही. चालता चालता ते जंगल संपलं ते थेट समुद्राशी. मध्ये लुगड्याच्या काठाएवढी वाळू, आणि फांद्या पाण्यावर ओणवलेल्या. लाटा नाहीत, गर्दी नाही. चार-दोन माणसं पडली होती, पण एकमेकांच्या हाकेपलीकडे, आणि 'कुठले तुम्ही, काय करता, मुलं किती' असं कोणी कोणाला विचारीत नव्हतं. वामनराव पाण्यात बसले, मग वाळूवर बसले. जन्मल्यापासून कोणी सल्ला दिला नाही अशी ती त्यांची पहिली दुपार. 

बैठकीतल्या सगळ्यांनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव हे कापसाचे अडत्ये. कापसाच्या एका भानगडीपायी ते पूर्वी मुंबईला जाऊन आले होते आणि चौपाटीवर उभं राहून त्यांनी समुद्र पाहिला होता. तेव्हापासून चिखलीत समुद्राचा मक्ता त्यांच्याकडे होता. कोणाच्या पोराने शाळेत समुद्रावर निबंध लिहिला तर तो आधी उकंडरावांना दाखवायची पद्धत होती.

उकंडरावांनी पानाची पिंक टाकली, तोंड पुसलं आणि निकाल दिला.

"वामनराव, खारपाण पट्ट्यात आमची जमीन हाय. जमीन खारवली तं तिच्यात बोर जगत नाई, अन् तुमी समुद्राच्या तोंडाले जंगल उभं करून राह्यले. मीठ झाडाले खाऊन टाकते. हे आमच्या गड्यालेबी मालूम हाय."

यावर वामनरावांनी ऑर्हूसहून आणलेलं चित्राचं कार्ड काढून दाखवलं. झाडं, वाळू, पाणी, सगळं स्पष्ट होतं. ते बैठकीत हातोहात फिरलं. हे देऊळगाव राजाकडचं तळं आहे, असं एकाने ओळखलं. त्याची सासुरवाडी तिकडे होती. मागे छापलेला मजकूर कोणालाच वाचता आला नाही, आणि जे वाचता येत नाही ते पुरावा म्हणून धरता येत नाही. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त वामनरावांनी घेतलं आहे, मग ते गेले असतीलच, असा एक मवाळ पक्ष निघाला. उकंडराव म्हणाले, प्रायश्चित्त आगाऊही घेता येतं.

दुसऱ्या दिवसापासून वामनरावांना गावात 'चौपाटी-रिटर्न' म्हणू लागले. म्हणजे वामनराव मुंबईपर्यंत गेले, बोट चुकली, मग सहा महिने कुठेतरी काढून परत आले, असं गावाने ठरवून टाकलं. हे सहा महिने त्यांनी कुठे काढले असतील यावरही मतं होती, आणि ती वामनरावांच्या बायकोच्या, म्हणजे अन्नपूर्णाबाईंच्या, कानावर नळावर आली. त्या घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "मी म्हनते, एवढ्या लांब गेले तं एखादं लुगडं आणावं. त्याच्यानं तरी लोकाईचं तोंड बंद झालं असतं."

लुगड्याऐवजी वामनरावांनी एकच वस्तू आणली होती, ती म्हणजे पोहण्याचा पोशाख. काळ्या लोकरीचा, खांद्यापासून मांडीपर्यंत एकसंध, दोन बिनबाह्यांची भोकं वर आणि दोन तोकडे पाय खाली. ऑर्हूसच्या त्या पाण्यात तो घालूनच ते बसले होते. अन्नपूर्णाबाईंनी तो प्रथम पाहिला तेव्हा, हे कोणाच्या लेकराचं झबलं, असं विचारलं होतं. तेव्हापासून तो ट्रंकेच्या तळाशी होता.

संघाची वार्षिक सभा जवळ आली. तिच्यात वामनरावांच्या दौऱ्याचा अहवाल मंजूर व्हायचा होता, आणि उकंडराव उभे राहून 'हा गृहस्थ गेलाच नाही' अशी हरकत घेणार, हे गावात उघड होतं. मोठा माणूस अशा वेळी मौन धरतो. वामनराव तितके मोठे नव्हते. ते भर बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "खाऱ्या पाण्याच्या काठाला जंगल असतं की नाही, हाच वाद ना? मग लोणारला चला. पंच नेमा आणि मौका-पाहणी करा. तिथं झाड नाही निघालं तर मी स्वतः अहवाल फाडतो."

आता मौका-पाहणी हा शब्द चिखलीत उच्चारला की माणसं जेवणावरून उठतात. बांध सरकला, मोरी तुंबली, शेजाऱ्याच्या कडुनिंबाची फांदी आपल्या कौलावर आली, काहीही असो, पंचांनी जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाही, आणि पाहिल्यावरही लागत नाही. पण जाणं महत्त्वाचं. डेन्मार्कचा मौका पाहता येत नसेल तर लोणारचा पाहावा, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. लोणारचं सरोवर आपल्याच जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. पाणी समुद्राला लाजवील इतकं खारट. उकंडरावांनी आव्हान स्वीकारलं आणि पंचही तेच झाले, कारण समुद्र पाहिलेला दुसरा माणूस नव्हता. ज्याची हरकत तोच पंच, हे वामनरावांच्या बी. ए.ला पटेना. पण बैठक म्हणाली, हरकत ज्याची असते तोच नीट पाहतो.

वामनरावांच्या मनात होतं, आपण, उकंडराव आणि आणखी एखाद-दुसरा, एवढेच जाऊ. ऑर्हूससारखा तो निवांत काठ लोकांना दाखवायचा तर निवांतपणा बरोबर न्यायला हवा. परंतु अब्दुल गनी म्हणाले, त्यांची सर्व्हिस मोटार अर्धी रिकामी निघाली तर मागून उडते. मोटार जड करण्यासाठी माणसं घेण्यात आली. मग माणसांसाठी डबे, डब्यांसाठी बायका, आणि बायका निघाल्या ते पापडखारासाठी. फाल्गुन संपत आला होता, उन्हाळ्याचे पापड तोंडावर होते, आणि लोणारच्या काठाला सुकून पांढरा पडणारा खार पापडात पडला तर पापड तळताना परातीएवढा फुलतो, हे वऱ्हाडात पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक. उकंडरावांच्या कौशल्याबाई आणि अन्नपूर्णाबाई या बाबतीत एकमेकींच्या जिवलग होत्या. नवऱ्यांचा वाद त्यांनी आपल्यापर्यंत येऊ दिला नव्हता.

परवानगी काढावी, असा सल्ला कोणीतरी दिला. जंगल खात्याने सांगितलं, झाडं आमची पण पाणी महसूलचं. महसूलने सांगितलं, पाणी आमचं, खाराचा मक्ता दिलेला, पण झाडाखाली उभं राहायचं असेल तर जंगल खात्याला विचारा. झाडाखाली उभं राहून पाण्याकडे बघायचं असेल तर कोणाला विचारायचं, हे दोघांनाही सांगता येईना. शेवटी एक कारकून हळूच म्हणाला की विचारलं नसतं तर चाललं असतं.

मोटार निघाली. मेहकरच्या अलीकडे ती तापली आणि पिण्याच्या पाण्याचे हंडे तिने पिऊन टाकले. त्याबद्दल अब्दुल गनींना बोल लावणाऱ्यांना ते शांतपणे म्हणाले, "तुमाले तहान लागली तं तुमी बोलून राह्यले. हिले बोलता येत नाई." उकंडराव पुढच्या बाकावर बसून चौपाटीचं वर्णन करीत होते. वामनराव मागे, मांडीवर ट्रंकेतला पोशाख कागदात गुंडाळून, दात आवळून बसले होते.

लोणारला कड्यावर उभं राहिल्यावर मात्र सगळी मोटार वाकून खाली बघू लागली. खाली भलंमोठं वाटोळं कुंड, उतारावर साग आणि सीताफळी, तळाशी बाभळींचं गच्च रान, आणि मधोमध हिरवट पाणी, ताटात वाढल्यासारखं. मोर ओरडत होते. वामनरावांनी एवढंच म्हटलं, "बघा."  ऑर्हूसची झाडं निराळी, पाणी निराळं, पण तीच शांतता खाली पडून होती. वामनराव पटकन उतरू लागले, बाकीचे पोहोचायच्या आत थोडी आपल्या वाट्याला येते का बघावं म्हणून. आली नाही. मागून सगळे सांगत होते, पाय कुठे ठेवावा.

खाली उकंडरावांनी पाहणी केली. झाडाला हात लावला, बोट पाण्यात बुडवून चाटलं आणि तोंड वाईट केलं. पाणी खारं, कबूल. झाड आहे, कबूल. परंतु झाड आणि पाणी यांच्यामध्ये काळा चिखल आहे, आणि तो लुगड्याच्या काठाएवढा नसून चांगला शेताच्या बांधापासून बांधापर्यंत आहे. "मीठ खाऊन राह्यलं तेवढी जागा," उकंडराव चिखलाकडे हात करून म्हणाले. "मी तेच म्हनत होतो. अन् वास पाहा. या पान्यात मानूस मजेसाठी बसते, हे तं राजेहो, पटत नाई."

लोक हसले. वामनराव एका बाभळीमागे गेले. जरा वेळाने तो काळा लोकरी पोशाख घालून बाहेर आले. कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात. वामनरावांच्या पोटावरून बाभळीच्या काट्याने ओढलेला एक धागा लोंबत होता. तो न सांभाळता, गुडघ्यापर्यंत रुतत, एक पाय काढला तर दुसरा अडकतो अशा रीतीने ते चिखल तुडवून पार गेले आणि सरोवरात मांडी घालून बसले. पाणी छातीपर्यंत होतं आणि कुजल्या अंड्याचा वास नाकापर्यंत.

काठावरून सल्ले सुरू झाले. फार पुढे जाऊ नका. डोळे मिटा. डोळे उघडे ठेवा. देवीचं नाव घ्या. या पाण्याने कातडी जाते. खरूज असेल तर खरूजही जाते. अब्दुल गनींनी मोटार अंधाराच्या आत निघायला हवी, असं ओरडून सांगितलं. वामनराव बसून राहिले. त्यांचं अंग चुणचुणत होतं. शेवटी उकंडराव स्वतः चिखलाच्या काठाशी आले आणि म्हणाले, बस झालं, निघा आता, आम्ही काही म्हणत नाही. वामनरावांनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुमी म्हना नाई तं नका म्हनू. मी मजेसाठी बसलो हावो." रागावले की त्यांची बी. ए. गळून पडत असे.

पुष्कळ वेळाने ते उठले ते आपल्या मनाने. वर उतारावर गोड्या पाण्याच्या झऱ्याची धार पडते, तिच्याखाली अंघोळ करून त्यांनी धोतर नेसलं. अन्नपूर्णाबाईंनी पोशाखातला चिखल काढण्यासाठी तो खाऱ्या पाण्यातच बुडवून दगडावर आपटला, कारण खारात कपडा निघतो तसा साबणानेही निघत नाही, आणि बाभळीवर उन्हात टाकला. मग दोघी जणी काठाकाठाने पांढरा खार खरडू लागल्या. लुगड्याच्या ओच्यात भरला असता तर लुगडं खराब झालं असतं. पिशवी आणायचं मोटारीच्या गर्दीत राहून गेलं होतं. झाडावर ते झबलं वाळत होतं. अन्नपूर्णाबाईंनी त्याच्या दोन्ही पायांना गाठी मारल्या. झकास दोन कप्पे झाले, एक स्वतःचा आणि एक कौशल्याबाईंचा.

कप्पे भरत आले तेव्हा मागे मक्त्याचा राखणदार उभा होता. कारभारी त्याचं नाव. सरकारी खार परवानगीवाचून उचलल्याबद्दल त्याने दोघींना, पोशाखाला आणि त्यांच्यामागे धावत आलेल्या सगळ्या चिखलीला धारेजवळच्या तंबूकडे नेलं. तिथे नायब तहसीलदार दौऱ्यावर आले होते. भले गृहस्थ होते, पण जेवून नुकतेच लवंडले होते.

त्यांनी प्रश्न सरळ मांडला. घरगुती वापरापुरता खार बायकांनी सहज उचलला असेल तर ताकीद देऊन सोडता येईल. परंतु खार न्यायला मुद्दाम पिशवी शिवून आणली असेल तर तो कट झाला, आणि दोन्ही बायकांना मेहकरला कोर्टासमोर उभं राहावं लागेल. आणि ही पिशवी, त्यांनी पोशाख काठीने उचलून दाखवला, तर दोन कप्प्यांची, पक्क्या शिलाईची आणि काळी, म्हणजे अंधारात न दिसणारी.

वामनराव पुढे झाले. ती पिशवी नसून पोहण्याचा पोशाख आहे, तो आपण डेन्मार्कहून आणला आहे, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी गाठी सोडवून, खार ओतवून पोशाख त्यांच्या हाती दिला आणि घालून दाखवा म्हणाले. पण खाऱ्या पाण्याने, दगडाने आणि उन्हाने मिळून लोकरीचं जे करायचं ते केलं होतं. पोशाखात फार तर पाव वामनराव जातील एवढाच तो उरला होता. वामनरावांनी तो धोतरावरून ओढायचा प्रयत्न केला आणि तो गुडघ्याशी अडून बसला. तसेच उभे राहून ते म्हणाले, सकाळी तो मला होत होता.

साहेबांना हे पटणं शक्य नव्हतं. आरोपी बाईच्या नवऱ्याचं म्हणणं धरता येत नाही, तिऱ्हाईत माणसाची साक्ष हवी, ते म्हणाले. आणि इथे कोणी पंच आहे का, असं विचारलं.

सगळ्यांनी उकंडरावांकडे पाहिलं. कौशल्याबाईंनी जरा निराळ्या तऱ्हेने पाहिलं. त्यांच्या खांद्यावरचा पदर ढळला नाही, आवाज निघाला नाही, पण उकंडरावांना मेहकरचं कोर्ट, त्यात उभी आपली बायको, आणि नंतर घरी मिळणारं जेवण, हे सारं एकदम दिसलं असावं. ते खाकरून पुढे आले. ते दुसऱ्या आरोपी बाईचे नवरे, हे साहेबांनी विचारलं नाही आणि चिखलीने सांगितलं नाही.

"साहेब, हा पोशाखच हाय," ते म्हणाले. "पान्यात घालाचा."

"कुठला?"

उकंडराव वामनरावांकडे पाठ करून म्हणाले, "डेन्मार्कचा."

साहेबांनी मान डोलावली. वास्तविक इथे प्रकरण मिटलं होतं. अन्नपूर्णाबाई वामनरावांचं धोतर मागून ओढत होत्या. पण गुडघ्याशी अडकलेला पोशाख तसाच ठेवून वामनराव ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, साक्ष अपुरी राहिली. डेन्मार्कात हा कुठं घालतात, ते साक्षीदाराला विचारा. नाहीतर माझी बायको मेहकरला यायला तयार आहे."

अन्नपूर्णाबाई तयार नव्हत्या, पण त्यांना कोणी विचारलं नाही. साहेबांनी कंटाळून विचारलं, कुठं घालतात?

उकंडरावांनी तोंड सरोवराकडे वळवलं. मग एक एक शब्द दाढेतून काढल्यासारखा काढू लागले. "ऑर्हूस म्हनून शहर हाय, साहेब. त्याच्या बाहेर जंगल हाय. ते जंगल समुद्रापर्यंत जाते. झाडं पान्यावर वाकेल असतात. तिथी लोक हे घालून बसतात."

"मजेसाठी," वामनराव म्हणाले.

"मजेसाठी," उकंडराव म्हणाले.

दोन्ही बायका सुटल्या. पोशाख जप्त झाला, कारण सरकारी खार त्याच्या विणीत मुरला होता आणि तो वेगळा काढता येण्यासारखा नव्हता. मोटार परत निघाली. वामनराव पुढच्या बाकावर बसले होते आणि त्यांना कोणी उठवलं नाही.

सभेच्या दिवशी संघाच्या आवारात माणूस मावेना. अहवाल मांडला गेला तसे उकंडराव उभे राहिले. वामनरावांनी बाह्या सारल्या. पण उकंडराव हरकत घ्यायला उभे नव्हतेच. साहेबापुढे साक्षीत जे सांगितलं ते आता त्यांचं झालं होतं. त्यांनी ऑर्हूसच्या समुद्राचं वर्णन सुरू केलं. जंगल कसं, वाळू किती, झाडाची खोडं राखी आणि गुळगुळीत, मीठ त्यांना का खात नाही, हे सगळं ते हातवारे करून सांगू लागले. मध्ये एकदा वामनरावांनी, खोडं इतकी जाड नव्हती, असं सुचवून पाहिलं. उकंडरावांनी त्यांना हाताने खाली बसवलं. "वामनराव, तुमी एकच दुपार होते," ते म्हणाले, आणि लोकांना ते पटलं. शाळेच्या हेडमास्तरांनी आभार मानले. आता डेन्मार्कच्या समुद्रावरचे निबंधही उकंडरावांकडे जातात.

अहवाल एकमताने मंजूर झाला. त्यातला लोण्याचा भाग वेळेअभावी वाचला गेला नाही. चिखलीला लोणी अजून शेजारच्या उंद्री गावाहून येतं.